बेसबॉलचे संघ परदेशात खेळायला का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स आणि शिकागो कब्ज हे दोन अमेरिकी संघ आपल्या हंगामाचे पहिले दोन सामने खेळायला थेट टोकियोला गेले. त्यातला पहिला सामना जपानमध्ये सरासरी अडीच कोटींहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. आपल्याकडे क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला हे जरा कोड्यात टाकणारं वाटतं. घरच्या लीगचे सामने परक्या देशात का न्यायचे? खेळाडू तयार कसे होतात? आणि एवढं करून खेळ खरंच पसरतो का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे खालची बरीच उत्तरं फिरून त्याच्याकडेच येतात.

हे सामने नुसते प्रदर्शनीय असतात की खरे?

दोन्ही प्रकार आहेत. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. टोकियोतले ते दोन सामने या १६२ मधलेच होते. तिथली हार-जीत ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या हिशेबात मोजली जाते. मात्र त्याआधी पाहुणे संघ स्थानिक क्लबांशी सरावाचे सामनेही खेळतात, आणि ते हलके घेण्यासारखे नसतात. २०२५ मध्ये ओसाका-कोबे भागातल्या हानशिन टायगर्सने कब्ज आणि डॉजर्स दोघांनाही ३-० असंच हरवलं. आदल्या वर्षीचा विजेता असलेल्या डॉजर्सला एकही धाव करता आली नाही. जपानी प्रेक्षकांना त्या दोन दिवसांचा जो आनंद झाला, तो अधिकृत सामन्यांपेक्षा कमी नव्हता.

ही कल्पना नवी आहे का?

दीडशे वर्षं जुनी आहे. १८७४ च्या उन्हाळ्यात बोस्टन रेड स्टॉकिंग्ज आणि फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स हे दोन संघ बोटीने इंग्लंड-आयर्लंडला गेले. दौऱ्यामागे होते बोस्टनचे कर्णधार हॅरी राइट. ते जन्माने इंग्रज, शेफील्डचे, आणि वडील व्यावसायिक क्रिकेटपटू. आपल्या दोन्ही देशांनी एकमेकांचा खेळ पाहावा अशी त्यांची इच्छा होती. म्हणून पाहुण्यांनी तिथे बेसबॉलबरोबर क्रिकेटचे सामनेही खेळले. बहुतेक सामन्यांत इंग्रजांच्या अकरा गड्यांविरुद्ध अमेरिकनांना अठरा गडी खेळवायची सवलत होती. क्रिकेटमध्ये ते एकदाही हरले नाहीत. इंग्रजांनी चेंडू मारण्याची ताकद आणि क्षेत्ररक्षण वाखाणलं आणि आपल्या क्रिकेटकडे परत वळले.

१८८८-८९ चा जगप्रवास काय होता?

अल्बर्ट स्पाल्डिंग हे आधी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. पुढे ते शिकागो संघाचे मालक आणि क्रीडासाहित्याचे मोठे व्यापारी झाले. १८७४ च्या दौऱ्याची बोलणी करायला तरुणपणी तेच पुढे गेले होते. चौदा वर्षांनी त्यांनी शिकागोचा संघ आणि इतर संघांमधून निवडलेला एक संघ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा काढली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिलोन, इजिप्त, इटली, फ्रान्स आणि मग ब्रिटन. जानेवारी १८८९ मध्ये कोलंबोला सामना झाला. फेब्रुवारीत गिझाच्या पिरॅमिडांजवळ वाळूत मैदान आखून ते खेळले. स्फिंक्सच्या अंगावर चढून बसलेल्या खेळाडूंचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. स्मारकाशी असं वागणं तेव्हाही अनेकांना खटकलं होतं. लंडनला ओव्हल मैदानावर प्रिन्स ऑफ वेल्स हजर होते. बेसबॉल उत्तम खेळ आहे, पण क्रिकेट त्याहून सरस, असा त्यांचा अभिप्राय नोंदलेला आहे.

या दौऱ्यात स्पाल्डिंग यांचा व्यापारी हेतू उघड होता. जिथे खेळ पोचेल तिथे बॅट, चेंडू आणि हातमोजे विकले जातील. त्यात गैर काही नाही, पण मागे काय राहिलं हे पाहिलं तर हाती फार थोडं लागतं. ऑस्ट्रेलियात काही क्लब उभे राहिले. कोलंबोत, कैरोत, रोममध्ये संघ आला, खेळला, बोटीत बसला आणि विषय संपला. शिकवायला कोणी थांबलं नाही, खेळायला जागा राखली गेली नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या संघांची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. अमेरिकेचा खेळ म्हणून जगाला जे दाखवलं गेलं, ते अर्धंच चित्र होतं.

मग जपानमध्येच बेसबॉल एवढा कसा रुजला?

याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण इथेच सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे.

पहिलं म्हणजे, जपानमध्ये बेसबॉल संघांच्या दौऱ्याने आला नाही, शाळेतून आला. होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमाराला टोकियोतल्या आपल्या विद्यार्थ्यांना तो शिकवला. तिथून तो इतर शाळांत आणि महाविद्यालयांत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वासेदा आणि केइओ या दोन विद्यापीठांमधले सामने इतके चुरशीचे होऊ लागले होते की दोन्हीकडचे पाठीराखे हातघाईवर येतील या भीतीने १९०६ मध्ये ते थांबवावे लागले. म्हणजे पुढे अमेरिकेचे नामांकित संघ आले, तेव्हा खेळ समजणारा प्रेक्षक आधीच तयार होता.

दुसरी गोष्ट १९२७ ची. त्या वर्षी फिलाडेल्फिया रॉयल जायंट्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ जपानला गेला. त्यात बिझ मॅकी हे थोर कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारे, होते. हा संघ यजमानांपेक्षा कितीतरी वरचढ होता, पण त्यांनी समोरच्याला हिणवलं नाही. नवख्या खेळाडूंशी ते सभ्यपणे वागले, सामन्यात रंगत राहील अशा बेताने खेळले. त्याआधी आलेल्या काही गोऱ्या व्यावसायिकांनी मैदानात टवाळी केली होती. त्या तुलनेत या पाहुण्यांची आठवण जपानी खेळाडूंनी वर्षानुवर्षं जपली. आपण या दर्जाला पोचू शकतो, हा विश्वास अशा वागण्यातून येतो. बेसबॉलच्या इतिहासात या दौऱ्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी गोष्ट सर्वांना माहीत असलेली, १९३४ ची. योमिउरी शिंबुन या वृत्तपत्राचे मालक मात्सुतारो शोरिकी यांनी बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, चार्ली गेरिंजर अशा दिग्गजांचा संघ बोलावला. टोकियोच्या गिन्झा भागात रूथना पाहायला रस्ते ओसंडून वाहिले. अमेरिकनांनी सगळे सामने जिंकले. पण लोकांच्या मनात राहिला तो जपानी संघाने हरलेला एक सामना. २० नोव्हेंबरला शिझुओकाच्या कुसानागी मैदानावर एइजी सावामुरा या सतरा वर्षांच्या मुलाने गेरिंजर, रूथ, फॉक्स आणि गेरिग या चौघांना ओळीने स्ट्राइकवर, म्हणजे तीन-तीनदा चकवून, बाद केलं. पुढे गेरिग यांच्या एकमेव होम रनवर (आपल्या षटकारासारखा, थेट कुंपणापार गेलेला फटका) जपानी संघ १-० असा हरला, तरी सावामुरा राष्ट्राचा लाडका झाला.

दौरा आटोपल्यावर शोरिकी स्वस्थ बसले नाहीत. डिसेंबर १९३४ मध्येच त्यांनी त्या निवडक खेळाडूंचा व्यावसायिक संघ उभा केला. तोच आजचा योमिउरी जायंट्स. १९३६ मध्ये लीग सुरू झाली. परदेशी लोकांना जपानात आणून खेळवलं या रागापोटी १९३५ मध्ये एका कट्टर राष्ट्रवाद्याने शोरिकी यांच्यावर तलवारीने वार केला होता. ते वाचले. सावामुरा मात्र युद्धातून परतला नाही. सैन्यात हातबाँब फेकून फेकून त्याचा खांदा गेला, आणि १९४४ च्या डिसेंबरमध्ये त्याला घेऊन जाणारं जहाज अमेरिकी पाणबुडीने बुडवलं. दहा वर्षांपूर्वी ज्या देशाच्या खेळाडूंसमोर तो नावारूपाला आला, त्याच देशाच्या हल्ल्यात तो गेला. जपानमध्ये सर्वोत्तम पिचरला आजही त्याच्या नावाचा पुरस्कार देतात.

शाळा, मानाने वागणारे पाहुणे, स्थानिक नायक आणि दौरा संपताच लीग उभारणारा जिद्दी माणूस. १८८९ च्या कोलंबोत यातलं काहीही नव्हतं.

अधिकृत हंगामी सामने परदेशात कधीपासून सुरू झाले?

कॅनडाची गोष्ट वेगळी. माँट्रिऑलचा संघ १९६९ ते २००४ लीगमध्येच होता आणि टोरोंटोचा १९७७ पासून आहे. अमेरिका-कॅनडाबाहेर पहिले अधिकृत सामने ऑगस्ट १९९६ मध्ये मेक्सिकोतल्या माँतेरेई शहरात झाले, सॅन डिएगो पाद्रेस विरुद्ध न्यूयॉर्क मेट्स. निमित्तही मजेदार होतं. त्याच सुमाराला सॅन डिएगोत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं आणि शहरावर त्याचा ताण होता. पहिल्या सामन्यात पाद्रेसकडून चेंडू हाती घेतला फर्नांदो वालेन्झुएला यांनी. ते मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या खेडेगावचे, शेतकरी कुटुंबातले, १९८१ मध्ये अमेरिका गाजवलेले. ते जिंकले, १५-१०. पहिल्या सामन्यासाठी याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता.

उत्तर अमेरिकेबाहेरचा पहिला अधिकृत सामना मार्च २००० मध्ये टोकियो डोममध्ये झाला, कब्ज विरुद्ध मेट्स. मग सान हुआन, सिडनी, लंडन, मेक्सिको सिटी आणि सेऊल अशी ठिकाणं वाढत गेली.

यजमान कोण असतो? घरच्या प्रेक्षकांचं नुकसान होत नाही का?

होतं. कागदावर एका संघाला यजमान ठरवतात आणि त्याच्या घरच्या ८१ सामन्यांतून तेवढे सामने वजा होतात. लंडनला २०१९ मध्ये दोन्ही सामन्यांचा यजमान बोस्टन रेड सॉक्स होता, सेऊलला २०२४ मध्ये दोन्ही संघांनी एकेक सामना वाटून घेतला. तिकीटबारीवरचं उत्पन्न बुडतं म्हणून लीग संघाला भरपाई देते. पण मैदानाबाहेर टपरी चालवणाऱ्याला किंवा वर्षभराचं तिकीट काढणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांना त्या भरपाईतून काही मिळत नाही.

खेळाडूंना जावंच लागतं का?

खेळाडूंची संघटना भक्कम आहे आणि तिच्या संमतीशिवाय एकही सामना बाहेर जात नाही. २०२२ मध्ये झालेल्या पाच वर्षांच्या करारात परदेशी सामन्यांचा आराखडाच लिहिलेला आहे, आणि खेळाडूंना त्यासाठी वेगळं मानधन मिळतं.

मानधनावरून घडलेला एक प्रसंग मला फार आवडतो. मार्च २००८ मध्ये रेड सॉक्सचा संघ टोकियोला निघणार होता. ऐनवेळी कळलं की खेळाडूंना ठरलेले पैसे मिळणार, पण प्रशिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना नाही. खेळाडूंनी सरळ मैदानात उतरायला नकार दिला. फ्लोरिडातला सरावाचा सामना खोळंबला, टीव्हीवर थेट प्रक्षेपण ताटकळलं. आश्वासन मिळाल्यावरच ते खेळले आणि मग विमानात बसले. ज्यांचं नाव फलकावर झळकत नाही त्यांच्यासाठी नामांकित खेळाडू असे उभे राहिले, याचं मोल मोठं आहे.

सगळेच उत्साहाने जातात असंही नाही. २०१४ च्या सिडनी दौऱ्याआधी डॉजर्सचे पिचर झॅक ग्रेंकी यांनी आपल्याला जाण्याचा काडीचाही उत्साह नसल्याचं उघडपणे सांगितलं होतं.

एवढ्या प्रवासाने खेळावर परिणाम होतो का?

पिचरवर होतो, असं मानायला जागा आहे. त्याचा खांदा एका ठरलेल्या क्रमाने तयार होतो. सरावाचे सहा आठवडे, दर पाच दिवसांनी थोडे जास्त चेंडू. मार्चच्या मध्यावरच अधिकृत सामना आला की हा क्रम आवळावा लागतो. सिडनीतला पहिला सामना जिंकून देणारे क्लेटन कर्शॉ लगेच खांद्यामागच्या स्नायूच्या दुखापतीने अनेक आठवडे बाहेर बसले. त्याला दौराच कारणीभूत होता हे सिद्ध करता येणार नाही, पण प्रशिक्षक तेव्हापासून जास्त सावध झाले. परतल्यावर संघांना काही दिवस मोकळे देतात ते यासाठीच.

बेसबॉलचं मैदान नसलेल्या देशात सामने होतात कुठे?

क्रिकेटच्या आणि फुटबॉलच्या मैदानांवर. सिडनीला तर चक्क सिडनी क्रिकेट ग्राउंडवर. सचिन तेंडुलकरने जिथे २००४ मध्ये नाबाद २४१ धावा केल्या, त्याच मैदानाच्या एका कडेला पिचरचा उंचवटा रचला गेला. त्यासाठीची माती कॅलिफोर्नियाहून जहाजाने आणली होती, कारण उंचवट्याची चिकणमाती कशीही चालत नाही. बूट रुतला तर पाय मुरगळतो आणि घसरला तर कंबर जाते.

लंडनला २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या स्टेडियमवर कृत्रिम हिरवळ अंथरली गेली. जागेची मांडणी अशी झाली की मधल्या दिशेची भिंत ३८५ फुटांवर आली. मेजर लीगमध्ये ती साधारण ४०० फुटांवर असते. परिणाम दिसायचा तो दिसलाच. यांकीज आणि रेड सॉक्सच्या पहिल्या सामन्यात पहिल्याच डावात (बेसबॉलच्या सामन्यात सहसा नऊ डाव असतात) दोघांनी सहा-सहा धावा केल्या, तो एक डाव तासभर चालला आणि सामना १७-१३ वर संपला. दुसरा १२-८. दोन दिवसांत ५० धावा! एरवी या दोन संघांच्या एका सामन्यात मिळून आठ-दहा धावा झाल्या तरी पुष्कळ.

मेक्सिको सिटीची अडचण निराळी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरने दिलेलं वळण कमी होतं. २०२३ मध्ये पाद्रेस आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या पहिल्या सामन्यात ११ होम रन झाले, निकाल १६-११. मेक्सिकोतच, पण माँतेरेईला, मे २०१८ मध्ये नेमकं उलटं घडलं. डॉजर्सच्या चार पिचरनी मिळून पाद्रेसला एकही हिट, म्हणजे सुरक्षित बेस मिळवून देणारा फटका, मारू दिला नाही.

लंडनमध्ये बेसबॉल रुजला का?

माझं प्रामाणिक मत, अजून नाही. स्टेडियम भरतं, २०१९ मध्ये दररोज साठ हजारांच्या घरात लोक आले. पण त्यांत ब्रिटनमध्ये राहणारे किंवा त्यासाठी मुद्दाम आलेले अमेरिकन पुष्कळ. २०२३ मध्ये कब्ज आणि सेंट लुईस कार्डिनल्स, २०२४ मध्ये मेट्स आणि फिलाडेल्फिया फिलीज तिथे गेले. दोन दिवसांच्या जत्रेनंतर लंडनच्या पोराला बेसबॉल खेळावंसं वाटलं, तर त्याने जायचं कुठे? तिथे मैदानं मोजकी आहेत आणि उन्हाळ्याच्या त्याच महिन्यांत क्रिकेट जोरात असतं. पॅरिसमध्ये २०२५ साली सामने घ्यायचा बेत होता, तोही आयोजक न मिळाल्याने बारगळला. राइट यांना १८७४ मध्ये जी भिंत लागली, ती अजून तिथेच उभी आहे.

सेऊल आणि टोकियोला एवढा प्रतिसाद मिळतो तो कशामुळे?

घरी परतणाऱ्या खेळाडूंमुळे. मार्च २०२४ मध्ये सेऊलच्या गोचोक स्काय डोममध्ये डॉजर्स-पाद्रेस सामने झाले. पाद्रेसचे किम हा-सोंग अमेरिकेला जाण्याआधी याच मैदानावर किवूम हिरोज या कोरियन क्लबकडून खेळायचे. त्यांचं नाव पुकारल्यावर झालेला गलका लीगच्या कुठल्याही जाहिरातीने विकत मिळाला नसता. त्याच मालिकेत जपानचे शोहेई ओहतानी डॉजर्सकडून पहिला सामना खेळले.

टोकियो २०२५ मध्ये तर दोन्ही बाजूंचे पहिले पिचर जपानी होते, डॉजर्सचे योशिनोबू यामामोतो आणि कब्जचे शोता इमानागा. हंगामाच्या पहिल्या दिवशी असं आधी कधीही झालं नव्हतं. दोन्ही सामने डॉजर्सने जिंकले, ४-१ आणि ६-३.

आणि २०१९. सिअ‍ॅटल मरिनर्सच्या इचिरो सुझुकी यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी टोकियो डोममध्ये शेवटचा सामना खेळला. आठव्या डावात त्यांना मैदानाबाहेर बोलावलं तेव्हा संघातले सगळे त्यांना मिठी मारायला थांबले आणि प्रेक्षक उभे राहिले. सामना संपल्यावरही लोक घरी जाईनात, तेव्हा इचिरो पुन्हा बाहेर आले. सचिनच्या वानखेडेवरच्या निरोपाला हजर असलेल्या किंवा तो टीव्हीवर पाहिलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

परदेशी सामन्यांत राजकारण असतं का?

कधी कधी राजकारण हेच कारण असतं. मार्च १९९९ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने हवानाला जाऊन क्युबाच्या संघाला अकरा डावांत ३-२ हरवलं. मे महिन्यात क्युबाने बाल्टिमोरला येऊन १२-६ असं उट्टं काढलं. मार्च २०१६ मध्ये टँपा बे रेज हवानाला खेळले तेव्हा राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आणि राउल कास्त्रो शेजारी बसून सामना पाहत होते. क्युबाला बेसबॉल शिकवायची गरज कुणालाच नव्हती. तो खेळ तिथे एकोणिसाव्या शतकापासून घराघरांत आहे. अडथळा आहे तो अमेरिकेने क्युबावर घातलेल्या निर्बंधांचा. त्यामुळे गुणी क्युबन खेळाडूंना अमेरिकेत खेळण्यासाठी देश सोडावा लागतो, अनेकांना जीव धोक्यात घालून. एका दुपारच्या सामन्याने तो प्रश्न सुटला नाही.

एखादा संघ कायमचाच बाहेर खेळला आहे का?

त्याच्या जवळ जाणारा एक प्रयोग झाला. माँट्रिऑल एक्स्पोजला घरी प्रेक्षक मिळेनात, म्हणून २००३ आणि २००४ मध्ये त्यांच्या घरच्या सामन्यांतले दरवर्षी वीसहून जास्त सामने पोर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये, हिराम बिथॉर्न स्टेडियमवर खेळवले. सान हुआनच्या लोकांनी त्यांना आपलंसं केलं. पण २००५ मध्ये संघ वॉशिंग्टनला हलवला गेला आणि माँट्रिऑल, सान हुआन दोघांच्याही हाती काही उरलं नाही. खेळाडूंचे ते दोन हंगाम सुटकेसमध्येच गेले. लोकांची माया जडू द्यायची आणि मग उठून जायचं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत अन्यायाचं पान वाटतं.

फक्त अमेरिकी संघच बाहेर जातात का?

नाही. मे २००२ मध्ये जपानी लीगमधल्या फुकुओका दाइएई हॉक्स आणि ऑरिक्स ब्लूवेव्ह यांनी तैपेईला अधिकृत सामने खेळले. हॉक्सचे व्यवस्थापक होते सादाहारू ओ, ८६८ होम रन मारलेले. त्यांचे वडील चिनी आणि त्यांचं स्वतःचं नागरिकत्व तैवानच्या सरकारचं. त्यामुळे तैवानी लोकांनी त्यांच्याकडे घरचा माणूस म्हणूनच पाहिलं.

क्रिकेटनेही असं केलं आहे ना?

केलं आहे, आणि तेही बेसबॉलच्याच अंगणात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांचे दोन संघ न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर, ह्यूस्टनला आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर वीस-वीस षटकांचे सामने खेळले. तिन्ही बेसबॉलची मैदानं. गर्दी झाली ती मुख्यतः भारतीय, पाकिस्तानी आणि कॅरिबियन मंडळींची. त्यांत न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये स्थायिक झालेले मराठी लोकही होतेच. बाकीच्या अमेरिकेला त्याचा फारसा पत्ता लागला नाही. लंडनमध्ये बेसबॉलचं जे होतं, तेच तिथे क्रिकेटचं झालं. आपली माणसं जमली, नवीन थोडी आली.

पण नंतर टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरी इथलं एक जुनं बेसबॉल मैदान कायमच्या क्रिकेट मैदानात बदललं गेलं, २०२३ मध्ये तिथे लीग सुरू झाली आणि २०२४ मध्ये त्याच मैदानावर अमेरिकेने विश्वचषकात पाकिस्तानला हरवलं. मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवळकरने सुपर ओव्हर टाकली. तीन दिवसांच्या सर्कशीपेक्षा एका कायमच्या खेळपट्टीने किती जास्त काम केलं, ते इथे दिसतं.

भारतात बेसबॉलसाठी काय चाललं आहे?

मेजर लीगने २०१९ मध्ये नवी दिल्लीत कार्यालय उघडलं आणि शाळांमधून मुलांना खेळाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. त्याआधी २००८ मध्ये वेगवान फेकीची एक टीव्ही स्पर्धा झाली होती. तिच्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. अमेरिकी व्यावसायिक संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत, पण रिंकू खालच्या श्रेणींत काही हंगाम खेळला. मोठं झाल्यावर चेंडू हातात घेतलेल्या मुलासाठी हे थोडं नाही.

महाराष्ट्राचं नाव दुबईत झळकलं. बेसबॉल युनायटेड या लीगने नोव्हेंबर २०२३ मध्ये दुबईच्या क्रिकेट स्टेडियमवर प्रदर्शनीय सामने घेतले आणि २०२५ च्या अखेरीस पहिला हंगाम खेळवला. तिच्या चार संघांपैकी एक मुंबई कोब्राज, दुसरा कराची मोनार्क्स. मुंबईच्या नावाचा संघ दुबईत खेळतो आणि त्यात बहुसंख्य खेळाडू इतर देशांचे असतात. मुंबईच्या नावाला वजन यायचं असेल तर मुंबई-ठाण्याची, पुण्याची मुलं त्यात दिसायला हवीत. आपल्याकडे शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात, मुलीही जिद्दीने खेळतात. बहुतेकींचा सराव क्रिकेटसाठी किंवा हॉकीसाठी राखलेल्या मैदानाच्या कोपऱ्यात चालतो.

मेजर लीगचे संघ भारतात अधिकृत सामना खेळायला येतील का?

२०२२ च्या त्या आराखड्यात आशिया, मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको, लंडन, पॅरिस यांची नावं होती. आशियात आजवर अधिकृत सामने मिळाले ते टोकियो आणि सेऊललाच. भारतात सामना आला तर मला आनंदच होईल, पण त्याआधी दुसरं काही मागावंसं वाटतं. एखाद्या जिल्हा क्रीडासंकुलात नीट उंचवटा असलेलं एक मैदान, मुलांच्या हाताला येतील असे हातमोजे, आणि वर्षभर थांबणारा एक प्रशिक्षक. एका लंडन मालिकेच्या खर्चात अशी किती मैदानं होतील याचा हिशेब लीगच्या दिल्ली कार्यालयाने एकदा जरूर करावा.

हे सामने भारतातून किती वाजता दिसतात?

टोकियोचा सामना तिथे संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी ३:४०. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेलेले असतात. लंडनचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहानंतर सुरू होतो, आणि मेक्सिको सिटीचा पहाटे. पहिल्यांदाच बेसबॉल पाहणार असाल तर टोकियोचीच मालिका निवडा. वेळ सोयीची आहे, आणि पहिल्या डावापासून शेवटपर्यंत वाद्यांच्या तालावर गाणारे प्रेक्षक ऐकायला मिळतात.